सामाईक तळघर : वापर, हक्क आणि पाणी

अनेक बिऱ्हाडे भाड्याने राहत असलेल्या इमारतीत मोकळी म्हणावी अशी जागा बहुधा तळघरातच उरते. सायकली, रिकामी पिंपे, वर्षाच्या धान्याची पोती, मोडकी कपाटे असे सारे तेथे येऊन पडते. मात्र या जागेचा उपयोग काय करावा, याचे उत्तर साताऱ्यात आणि सांगलीत एकच असू शकत नाही.

साताऱ्याच्या जुन्या पेठा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसल्या आहेत. त्यामुळे येथे एका बाजूने जमिनीखाली असलेला मजला दुसऱ्या बाजूने रस्त्याच्या पातळीवर उघडू शकतो. अशा तळघरास उजेड व वारा मिळतो. परंतु डोंगराकडील भिंतीतून पावसाळाभर पाणी झिरपते. सामान त्या भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर उचलून ठेवणे एवढी काळजी घेतली, तर जागा बारमाही वापरता येते.

सांगलीची गोष्ट निराळी. कृष्णाकाठच्या या सखल शहरात आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पूर दाराशी येण्याआधीच गटारांतून उलटे पाणी तळघरात चढू शकते. जमिनीखालील साठवण या भागास नवी नाही. शहरालगतच्या हरिपूर येथे पेवे खणून त्यांत हळद वर्षानुवर्षे ठेवली जात असे. तोंड बंद केलेल्या पेवात हवा पोहोचत नसल्याने कीड लागत नाही. त्याच कारणाने पेव उघडताच आत उतरणे जिवावर बेतू शकते. २००५ च्या महापुरात पाणी शिरून यांतील अनेक पेवे निकामी झाली. पिढ्यान्‌पिढ्यांची जाणती व्यवस्था जेथे टिकली नाही, तेथे काँक्रीटच्या तळघरात इन्व्हर्टर आणि फ्रीज ठेवणे हे धाडसच म्हणावे लागेल.

हक्काचा प्रश्न थोडक्यात असा. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० आणि स्थावर संपदा कायदा, २०१६ हे दोन्ही तळघरास सामाईक क्षेत्रात गणतात. सदनिकांच्या इमारतीत भाडेकरूला त्याचा वापर मिळतो तो सदनिकाधारकामार्फत. संपूर्ण इमारत एकाच मालकाची असेल, तर करार काय म्हणतो यावर बरेच अवलंबून राहते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. त्यातच तळघराचा कोणता भाग, कशासाठी, किल्ली कोणाकडे आणि वीजबिल कोण भरणार, हे लिहून घ्यावे. तोंडी परवानगी मालक बदलला की संपते, आणि भांडण मात्र शेजाऱ्यांत उरते.

कशासाठी वापरावे, यालाही मर्यादा आहे. २०२० साली लागू झालेल्या राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वाहनतळ, ज्वालाग्राही नसलेल्या सामानाची साठवण, इमारतीची यंत्रसामग्री असे उपयोग तळघरास मान्य आहेत; तेथे राहण्यास मुभा नाही. एखाद्या विद्यार्थ्याला खाट टाकून देणे किंवा अभ्यासिका काढणे हे म्हणूनच किरकोळ समजू नये. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्या तळघरास परवानगी साठवणीची होती, चालत होती अभ्यासिका.

गॅस सिलिंडरही खाली नकोच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचून राहतो. विजेचे मीटर व मुख्य बटणे वरच्या मजल्यावर असावीत, म्हणजे पाणी भरल्यावर वीज तोडण्यासाठी कोणालाही खाली उतरावे लागणार नाही.

सांगलीतील रहिवाशांनी तळघरात तेवढेच ठेवावे, जेवढे दोन माणसांना एका संध्याकाळी जिन्याने वर आणता येईल. जून लागण्यापूर्वी प्रत्येक बिऱ्हाडाने आपले सामान नाव घालून मोजून घ्यावे, बेवारस पोती भंगारात काढावीत, उपसा पंप एकदा चालवून पाहावा आणि किल्लीची दुसरी प्रत पहिल्या मजल्यावर, नेहमी घरात कोणीतरी असणाऱ्या बिऱ्हाडाकडे ठेवावी.