लवाश

लवाश : आर्मेनियन घरांत रोजच्या जेवणात असणारी, गव्हाचे पीठ, पाणी व मीठ एवढ्याच जिनसांची अतिशय पातळ रोटी. ती ‘तोनीर’ नावाच्या, बहुधा जमिनीत पुरलेल्या मातीच्या खोल भट्टीत भाजतात. ही भट्टी तंदूरच्याच कुळातील असून जॉर्जियात तिला ‘तोने’ म्हणतात. लाटून व हातांवर झुलवून पातळ केलेली पारी गवत भरलेल्या लांबट उशीवर ताणून बसवतात, आणि भाजणारी स्त्री भट्टीच्या तोंडावर वाकून ती उशी आतल्या तापलेल्या भिंतीवर अशा बेताने आपटते की पारी भिंतीला चिकटते व उशी मोकळी होते. अर्ध्या ते एका मिनिटात फोड आलेली रोटी बाहेर काढली जाते. हे काम तीन-चार स्त्रिया मिळून करतात. वाळवून ठेवलेली लवाश सहा महिन्यांपर्यंत टिकते व खाण्यापूर्वी पाण्याचा हबका मारला की पुन्हा मऊ होते. लांब, कडक हिवाळ्याच्या डोंगराळ मुलखात हा गुण किती मोलाचा, हे सहज ध्यानात यावे. विवाहात नवदांपत्याच्या खांद्यांवर लवाश ठेवण्याची चाल आहे. युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत २०१४ मध्ये आर्मेनियाची लवाश नोंदवली, तर २०१६ मध्ये अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किर्गिझस्तान व तुर्कस्तान यांची पातळ रोट्यांची सामाईक परंपरा, लवाशसह, नोंदवली. या दोन्ही नोंदी एकत्र वाचणेच न्याय्य ठरेल, कारण ही भाजण्याची रीत आजच्या राष्ट्रसीमांहून कितीतरी जुनी आहे.