अमल आणि उतारा



धार आणि देवास या पवारांच्या संस्थानांचा इतिहास आपण सनदांवरून आणि गाद्यांवरून शिकलो. अफूवरून तो क्वचितच कोणी सांगितला. १८३१पासून माळव्याची अफू इंग्रजांचा पास काढून मुंबईस आणि तेथून चीनला जाई. पेटीमागे कर १७५ रुपये, पुढे तो अनेक पटींनी वाढला. १९०७च्या करारानंतर हा व्यापार आटला. आज परवान्याची लागवड मुख्यतः मंदसौर, नीमचकडे उरली आहे.

मला सांगायचे आहे ते घरात राहिलेल्या अफूविषयी. मराठीत ‘अमल’ म्हणजे सत्ता आणि कैफही. माळव्याकडे तर खुद्द अफूलाच अमल म्हणत. पाहुण्यास कसुंबा, तान्ह्यास बाळगोळी, म्हाताऱ्यांस खोकल्यावर मुगाएवढी गोळी. माझ्या आजीच्या फडताळात अशी एक लाकडी डबी असे. आजी व्यसनी आहे असे कोणी कधी म्हटले नाही. ते तिचे ‘औषध’ होते. बेताने घेतलेल्या अफूने मोठी हानी होत नाही, असेच १८९५च्या अफू आयोगाचेही मत पडले होते.

१९५९मध्ये अफूची खुली विक्री बंद झाली. नोंदलेल्या व्यसनींना ती वैद्यकीय दाखल्यावर मिळू शके. पण दरबारी नोकरीतल्या घरातील बाईचे नाव सरकारी वहीत कोण घालणार? डबी रिकामी झाली. आजीला घाम फुटे, पोट सुटे, रात्रभर पाय आपटीत ती पडून राही. घरच्यांनी दार लावून घेतले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. वेदनेपेक्षा ती लाजच मला अधिक आठवते.

साठ वर्षांनी तेच पाय माझे झाले. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर ट्रॅमाडॉलची चिठ्ठी होती पंधरा दिवसांची. गोळ्या मी अकरा महिने घेतल्या. औषधवाला ओळखीचा होता! हे औषध २०१८मध्येच अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे, हे मला ठाऊक होते. एकदा बाणेदारपणे सर्व गोळ्या फेकल्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आणल्या.

अखेर मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. चरकसंहितेत अफूचा उल्लेख नाही, परंतु अंगवळणी पडलेले अहितकर एकदम न सोडता पादांशाने, म्हणजे चतुर्थांशाने सोडावे, असे त्यात सांगितले आहे. डॉक्टरांची रीत याच वळणाची निघाली. माझ्याहून जड प्रकरणी जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिन देतात. शरीर अफूजन्य औषधांतून पूर्ण मोकळे झाल्यावर काहींना नालट्रेक्सोन. झोपेच्या गोळ्यांची सवय तर वैद्यकीय देखरेखीवाचून एकाएकी मोडू नये, झटके येतात. सोबत समुपदेशन हवे आणि घरच्यांनाही बोलावणे हवे. पुण्यात १९८६मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनी माणसाला रुग्ण मानण्याची ही दृष्टी मराठी समाजात रुजवली. आजीच्या वेळी ती असती तर!

मला सात महिने लागले. शेवटची अर्धी गोळी सर्वांत हट्टी निघाली. डॉक्टरांनी ती आणखी तीन आठवडे चालू ठेवू दिली आणि त्या काळात दर सोमवारी माझ्या पत्नीलाही आत बसवून घेतले.