सोरायसिस : स्टेरॉइड मलमांचे उपचार

त्वचेच्या पेशी अवाजवी वेगाने वाढल्याने कोपरे, गुडघे, टाळूवर लाल चट्टे व चंदेरी खवले येणारा, न संसर्गणारा विकार. जालना जिल्ह्यातल्या कोरड्या हिवाळ्यात त्वचा फुटली की असे चट्टे बळावू शकतात. हट्टी, जाड चट्ट्यांवर क्लोबेटासॉल (०.०५ टक्के) हे अतितीव्र स्टेरॉइड मलम वापरतात, खवले निघावेत म्हणून सोबत सॅलिसिलिक आम्ल देतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरते. प्रौढाच्या दोन तळव्यांएवढ्या त्वचेला ते पुरते. क्लोबेटासॉल सलग दोन आठवड्यांहून अधिक आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त लावू नये. चेहरा, जांघ, काख येथे ते टाळावे. पुढे आठवड्यातून दोनदा लावणे किंवा कॅल्सिपोट्रिऑलची जोड देणे हितावह.

खरा धोका चिठ्ठीविना मलम घेण्यात आहे. त्वचा पातळ होते, व्रण उमटतात. मलम एकाएकी थांबवल्यास आजार उसळतो, क्वचित पूयुक्त पुळ्या येतात. गजकर्णाला सोरायसिस समजून स्टेरॉइड चोळले, तर बुरशी फोफावते. म्हणूनच मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ मलमे अनुसूची ‘एच’मध्ये आणली, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येतात.