नाव झाकलेली कविता

कविता वाचताना मनात नेमके काय घडते, हा प्रश्न साहित्याचा की मानसशास्त्राचा? केंब्रिजचे अध्यापक आय. ए. रिचर्ड्स (१८९३–१९७९) यांनी तो दोहोंचाही मानला. तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेऊन ते साहित्याच्या अध्यापनाकडे वळले होते. साहित्यसमीक्षेच्या तत्त्वांवरील आपल्या १९२४ सालच्या ग्रंथात कवितेची ओळ डोळ्यांवाटे शिरून विचार, भावना आणि वृत्ती कशी जागविते, हे त्यांनी चक्क आकृती काढून दाखविले.

परंतु खरी कसोटी वर्गात लागली. कवींची नावे वगळून त्यांनी कविता विद्यार्थ्यांना दिल्या आणि आठवडाभराने अभिप्राय लिहून घेतले. अशा तेरा कवितांवरील अभिप्रायांचा ग्रंथ १९२९ साली निघाला, तेव्हा वाचक थक्क झाले. डन व हॉपकिन्स यांच्यासारख्या श्रेष्ठ कवींच्या रचना अनेकांना रुचल्या नव्हत्या. एका सामान्य कवीची रचना मात्र पुष्कळांना भावली होती. कित्येकांना कवितेचा सरळ अर्थही लागला नव्हता.

रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांची थट्टा केली नाही. वैद्याने लक्षणे तपासावीत, तसे त्यांनी वाचनातील दहा अडथळे नोंदविले: अप्रस्तुत आठवणी, ठरीव प्रतिक्रिया, भावविवशता, पूर्वग्रह इत्यादी. दोष बुद्धीचा नसून शिक्षणाचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यांचे मानसशास्त्र आज जुने झाले आहे. त्यांचा धडा नव्हे. थोर नावापुढे मान तुकविणे म्हणजे वाचन नव्हे. नाव झाकल्यावर जे उरते, तेच वाचकाचे स्वतःचे.