तेल, ऊन आणि आपलं मुठेल



उन्हाळा लागला की बचत गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. खोबरेल, तिळाचं तेल, बदामाचं तेल एकत्र करायचं, बाटलीवर ‘सनस्क्रीन’ची चिठ्ठी चिकटवायची आणि जत्रेत स्टॉल लावायचा. कृती मोबाईलवर मिळते, बाटल्याही स्वस्त मिळतात. म्हणून आज तेल आणि ऊन यांचा जुना इतिहास सांगते. तो ऐका, आणि मग चिठ्ठीवर काय लिहायचं ते गटात ठरवा.

१८०१ साली जर्मनीत योहान रिटर नावाच्या शास्त्रज्ञाने लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात चांदीच्या क्षाराने माखलेला कागद धरला. हा क्षार उजेडात काळा पडतो. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे तो सगळ्यांत लवकर काळा पडला. हेच अतिनील किरण. कातडी रापते आणि पोळते ती मुख्यतः यांनीच, उन्हाच्या उष्णतेने नव्हे. म्हणून तर वारं सुटलेल्या गार दिवशीसुद्धा लावणीला वाकलेल्या बाईची मान काळवंडते.

आता तेलाकडे येऊ. युरोपात पूर्वी रापलेली कातडी ही मजुराची खूण होती. १९२० नंतर हवा फिरली आणि सुट्टीत उन्हात लोळून तांबूस होणं ही ऐट झाली. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, माणसं समुद्रावर लोटली. त्याच सुमारास लॉरियाल कंपनीच्या यूजीन शुएलरने ‘आंब्र सोलेर’ हे तेल आणलं. न पोळता रापावं म्हणून लोक ते चोपडत होते. बरं का, त्यातसुद्धा किरण अडवायचं काम तेल करत नव्हतं. त्यात बेंझिल सॅलिसिलेट नावाचं रसायन मिसळलेलं होतं. तेल हे नुसतं वाहन.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना लाल रंगाचं चिकट पेट्रोलियम मलम देत. त्यात कोको बटर घालून बेंजामिन ग्रीनने १९४४ च्या सुमारास ते अंगाला लावण्याजोगं केलं, आणि त्यातून ‘कॉपरटोन’ ही कंपनी उभी राहिली. बायकोच्या चुलीवर ते शिजवून त्याने स्वतःच्या टकलावर तपासलं, असं सांगतात. खरं असो वा नसो, घरगुती धंद्याची ही गोष्ट मला आवडते.

उन्हात राबणाऱ्या बायकांनी मात्र फार आधीपासून तेलापेक्षा पूड, माती आणि कापड जवळ केलं. ब्रह्मदेशात थनाका झाडाची साल सहाणेसारख्या दगडावर पाण्यात उगाळून तिचा लेप गालांना लावतात. आफ्रिकेतल्या हिंबा बायका लोण्यात लाल गेरू कालवून अंगभर माखतात. आपल्याकडे डोक्यावर पदर आणि साडीवर घरधन्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. त्याला कोणी सौंदर्यप्रसाधन म्हणत नाही, पण ऊन अडतं ते त्यानेच.

मग ‘खोबरेलात एसपीएफ आठ आहे’ हे कुठून आलं? रायपूरच्या संशोधकांनी २०१० साली काही तेलं तपासली. खोबरेल आणि ऑलिव्ह तेलाचा आकडा सात-आठच्या आसपास आला. पण ती तपासणी पातळ द्रावण करून यंत्रात झाली होती, माणसाच्या कातडीवर नव्हे. तो आकडा बाटलीवर छापणं म्हणजे गिऱ्हाइकाला दिवसभर उघड्या हातांनी उन्हात पाठवणं. झिंक ऑक्साईडची पूड आणून तेलात घोटली तरी घरी तिच्या गुठळ्या होतात, आणि दोन गुठळ्यांमधली कातडी उघडीच राहते.

काही तेलं तर उलटी वागतात. बावचीचं तेल कोडाच्या डागावर लावून उन्हात बसवायची जुनी रीत आहे, कारण ते लावलं की कातडीवर उन्हाचा परिणाम वाढतो. लिंबाच्या सालीच्या तेलाचंही तसंच. ‘सुगंधासाठी चार थेंब’ म्हणून तेही कुणी घालतं.

पण आपल्या कोकणाकडे खरं धन आहे ते मुठेल. कोकमाच्या बिया कडकडीत वाळवायच्या, टरफल फोडून आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. वर तरंगलेलं तेल निवलं की घट्ट होतं. ते मुठीत वळतात, म्हणून मुठेल. साधारण चाळीस अंशांपर्यंत ते वितळत नाही, त्यामुळे बाटलीही लागत नाही. आपल्या आज्या ते जरासं ऊन करून टाचांच्या भेगांत भरायच्या, फुटलेल्या ओठांना लावायच्या. उन्हातून आल्यावर कोरडी पडलेली कातडी त्याने मऊ होते. ते उन्हात जाण्याआधीचं नव्हे, उन्हातून आल्यावरचं औषध.

तेव्हा चिठ्ठीवर ‘कोकम मुठेल, टाचा आणि कोरड्या कातडीसाठी’ एवढंच लिहावं, असं माझं मत. ‘सनस्क्रीन’ हा शब्द नको, एसपीएफचा आकडा तर मुळीच नको. आणि विकण्यासाठी प्रसाधन बनवायचं तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे नियम लागू होतात. परवान्याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात आधी करा, बाटल्या-डब्या नंतर घ्या.

सध्या घरोघरी सोलं वाळत पडली आहेत. बिया उकिरड्यावर टाकू नका. मिरगाआधी त्या कडक वाळल्या पाहिजेत, एकदा पाऊस लागला की बुरशी धरते.