ॲसिड हाउसच्या ५ वर्षं आधी मुंबईत निघालेली रेकॉर्ड: कोण होते चरणजित सिंग?

१९८२ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने एक रेकॉर्ड काढली, 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ती फारशी चालली नाही आणि लोक विसरूनही गेले. आज मात्र जगभरातले संगीतप्रेमी तिचं नाव आदराने घेतात.

चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतले वादक. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदांत ते गिटार आणि सिंथेसायझर वाजवायचे. शिवाय पत्नीसोबत लग्नसमारंभांतही कार्यक्रम करायचे.

रेकॉर्डमध्ये वेगळं काय होतं?

सिंग यांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं वापरली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३ बेस मशीन. त्यावर भैरवी, यमन, तोडी, मालकंस असे १० राग वाजवले. राग एका 'सा'भोवती फिरतो, त्यात कॉर्ड बदलत नाहीत. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असल्याने मींडेसारखा परिणामही साधता आला. खाली एकसारखा ठेका, वर रागविस्तार.

ॲसिड हाउसशी संबंध काय?

टीबी-३०३ बाजारात पडलं आणि १९८४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. शिकागोच्या 'फ्यूचर' या त्रिकुटाने त्याच यंत्राची बटणं पिळून १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं. ॲसिड हाउसची सुरुवात तिथून मानतात. सिंग यांची रेकॉर्ड त्याआधीची, पण आवाज थक्क करणारा सारखा. म्हणून त्यांना या शैलीचे जनक म्हणावं का? शिकागोवाल्यांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा पुरावा नाही. एकच यंत्र दोन ठिकाणी स्वतंत्रपणे त्याच वाटेने गेलं, असं म्हणणं जास्त योग्य.

पुन्हा शोध कसा लागला?

एडो बाऊमन या डच संग्राहकाच्या हाती ही रेकॉर्ड भारतात लागली. त्यांनी मुंबईत सिंग यांना गाठलं आणि २०१० मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' लेबलवर ती पुन्हा काढली. आवाज इतका आधुनिक होता की काहींना हा अलीकडे कुणीतरी केलेला बनाव वाटला!

पुढे सत्तरीच्या घरातल्या सिंग यांनी युरोपात जाऊन तेच राग तरुण श्रोत्यांसमोर वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. ३० वर्षांनी का होईना, दाद त्यांना हयातीतच मिळाली.