उमेदवाराचे पूर्वचरित्र

निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या उमेदवाराला आज अर्जाबरोबर एक प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. आपल्यावर कोणते फौजदारी खटले चालू आहेत, कोणत्या खटल्यात शिक्षा झाली, हे त्याने त्यात शपथेवर सांगावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ सालच्या निकालांनी ही पद्धत पाडली. ती चांगलीच आहे. परंतु ते प्रतिज्ञापत्र वाचून मतदाराच्या मनात जो प्रश्न उभा राहतो, ह्या माणसाच्या मागे एवढे लचांड असताना ह्याला मत द्यावे की देऊ नये, तो प्रश्न नवा आहे असे मात्र कोणी समजू नये. निदान पुणेकरांनी तरी समजू नये. १८९५ पासून १९०९ पर्यंतच्या पंधरा वर्षांत पुण्याच्या तीन थोर पुरुषांच्या बाबतीत तो उत्पन्न झाला. टिळक, गोखले आणि केळकर ही ती तीन नावे. तिघांचीही चरित्रे आपल्या परिचयाची आहेत. पण ह्या एका प्रश्नापुरती ती एकत्र ठेवून पाहिली, तर आपण मतदार माणसाचा भूतकाळ कसा तोलतो, ह्याविषयी एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते.

आरंभी त्या काळचा मतदार कोण, हे सांगितले पाहिजे. नाहीतर आजची चित्रे तेथे नेऊन बसविण्याचा दोष घडेल. १८९२ च्या कायद्याने प्रांतिक कायदे कौन्सिलात काही जागा लोकपक्षाला मिळाल्या, पण कायद्यात ‘निवडणूक’ हा शब्द येऊ नये अशी काळजी घेण्यात आली होती. स्थानिक संस्थांनी नाव सुचवावयाचे आणि सरकारने त्या गृहस्थांस नेमावयाचे, असा तो प्रकार. मुंबई इलाख्याच्या मध्य विभागातील, म्हणजे पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक, खानदेश ह्या बाजूच्या लोकल बोर्डांचे सभासद मिळून एक प्रतिनिधी पाठवीत. शनिवार-सदाशिवातल्या सामान्य रहिवाशाला त्यात मत नव्हते. परंतु जे मत देत ते वर्तमानपत्रे वाचणारे होते, आणि वर्तमानपत्रे पुण्यात निघत. ‘केसरी’, ‘सुधारक’ आणि ‘ज्ञानप्रकाश’ ह्यांतून जे वाजे, ते धुळ्यापासून सोलापुरापर्यंत ऐकू जाई.

१८९५ साली टिळक ह्या जागेसाठी उभे राहिले, तेव्हा त्यांचे वय अडतीस-एकोणचाळीस होते आणि त्यांच्या मागे तुरुंगवास लागलेला होता. आपण टिळकांचा तुरुंग म्हटला म्हणजे मंडाले आठवतो. तो पुष्कळ नंतरचा. पहिला तुरुंग १८८२ सालचा, मुंबईच्या डोंगरीचा. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे तेथील तरुण महाराजांचा छळ करवितात, अशा अर्थाचा मजकूर ‘केसरी’ व ‘मराठा’ ह्या पत्रांत आला. त्याला आधार म्हणून जी पत्रे पुढे आली, ती बनावट ठरली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. टिळक-आगरकरांच्या जामिनासाठी रामशेट उरवणे पुढे झाले, आणि त्यांना तसे सांगणारे जोतीराव फुले होते, ही गोष्ट पुढच्या वैराच्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही. दोघा संपादकांनी झाल्या गोष्टीबद्दल माफी मागितली. बर्व्यांनी फिर्याद पुढे चालविली. चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यांतले १०१ दिवस भोगून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले, आणि त्यांचे वाजतगाजत स्वागत झाले.

ह्या प्रकरणाचा सांगाडा तेवढा पाहा. खोट्या कागदांवर विश्वास ठेवून एका अधिकाऱ्यावर भयंकर आरोप, मग माफी, मग शिक्षा. वकिलाने नुसते हे तीन शब्द कागदावर मांडले तर उमेदवाराचे काही खरे नाही. शिवाय १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा भांडून दिलेला राजीनामा होता. संमतिवयाच्या कायद्याला १८९१ मध्ये केलेला कडवा विरोध होता, त्यामुळे सुधारक नाराज. आणि पंचहौद मिशनमधल्या चहाच्या प्रकरणाने सनातनीही पूर्ण संतुष्ट नव्हते. तरी टिळक निवडून आले. १८९७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. डोंगरीचा तुरुंग त्यांच्या आड आला नाही, इतकेच नव्हे, तर त्यानेच त्यांना लोकांच्या जवळ नेले, असे म्हणावयास हरकत नाही. लोकांनी त्या प्रकरणातले बनावट कागद विसरून टाकले, माफीही विसरून टाकली, आणि १०१ दिवस तेवढे लक्षात ठेवले.

आता १८९७ च्या त्या भयंकर उन्हाळ्याकडे वळू. प्लेगच्या तपासणीसाठी रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर घरोघर शिरत होते. देवघर, माजघर काही शिल्लक राहिले नव्हते. गोपाळराव गोखले ह्या वेळी विलायतेत होते. वेल्बी कमिशनापुढे साक्ष देण्यासाठी ते गेले होते, आणि ती साक्ष उत्तम झाली होती. पुण्याहून त्यांना स्नेह्यांची पत्रे जात. त्या पत्रांच्या आधारावर त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्रातून सांगितले की, सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतील एकीने पुढे जीव दिला. इकडे २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली होती. सारे शहर संशयाखाली होते. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडले. अशा वेळी गोखल्यांची बोट मुंबईस लागली.

ज्यांनी लिहिले होते त्यांपैकी पुढे येऊन साक्ष देईल असा कोणी राहिला नव्हता. आम्हांला ह्यात आश्चर्य वाटत नाही. जिच्यावर असा प्रसंग गुदरला ती स्त्री कोर्टात उभी राहून सांगणार नाही, आणि तिचे घरचे तर मुळीच नाही, हे १८९७ च्या पुण्यात कोणालाही समजण्यासारखे होते. गोखल्यांपुढे दोन वाटा होत्या. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून अंग काढून घ्यावे, किंवा सारा दोष आपल्याकडे घ्यावा. त्यांनी नावे सांगितली नाहीत. ४ ऑगस्ट रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट, प्लेग कमिटीचे सभासद आणि तपासणीच्या कामावरील सोल्जर ह्या सर्वांची त्यांनी जाहीर माफी मागितली. आमच्या मते ती माफी अवश्यकतेहून अधिक लांब गेली. आरोप सिद्ध करता येत नाही म्हणून मागे घेतो, एवढे म्हणणे पुरेसे होते. सोल्जरांना संपूर्ण निर्दोष ठरविण्याचे कारण नव्हते, कारण त्यांचा उपद्रव साऱ्या पेठांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. परंतु एकतीस वर्षांच्या त्या माणसाने कोणाची पाठराखण केली, हेही त्याबरोबर मोजले पाहिजे.

पुण्याने ते मोजले नाही. एकाच पंधरवड्यात एक पुढारी गजाआड गेला आणि दुसऱ्याने माफी मागितली. तेव्हा लोकांनी तुलना केली नसती तरच नवल. टिळकांना माफीचा सल्ला देणारे हितचिंतक होते, तो त्यांनी मानला नाही आणि १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी पत्करली. त्या तेजापुढे गोखल्यांची माफी फारच काळवंडलेली दिसली, आणि पुढे कित्येक वर्षे ती त्यांच्या नावाला चिकटून राहिली. पण वस्तुतः १८८२ चे टिळक आणि १८९७ चे गोखले ह्यांच्या चुकीत फरक कितीसा? दोघांनीही दुसऱ्याने पुरविलेल्या माहितीवर विश्वास ठेवला, दोघांनाही ती न्यायालयात टिकवता आली नसती, दोघांनीही माफी मागितली. उलट कोल्हापूरची पत्रे बनावट ठरली होती. पुण्याची हकीगत खोटी ठरली नव्हती, सिद्ध झाली नव्हती एवढेच. फरक पडला तो पुढल्या गोष्टीत. टिळकांना माफीनंतरही तुरुंग मिळाला, गोखल्यांना मिळाला नाही. आपल्याकडे तुरुंग हे मोठे प्रायश्चित्त आहे. त्यातून गेलेल्या माणसाचे मागचे सारे धुऊन निघते. आणि जो घरी राहिला त्याच्या धोतराचा लहानसा डागही लोक बोट दाखवून सांगतात.

म्हणून १८९९ साली गोखले मुंबई कौन्सिलसाठी उभे राहिले, ती निवडणूक आम्हांला टिळकांच्या निवडणुकीहूनही अधिक अभ्यासण्यासारखी वाटते. कलंक धुणारा तुरुंग त्यांच्यापाशी नव्हता. दोन वर्षांचे काम मात्र होते. माफीनंतर ते कोपऱ्यात जाऊन बसले नाहीत. प्लेग पुन्हा आला तेव्हा स्वयंसेवक होऊन घरोघर फिरले, डेक्कन सभेचे काम पाहिले, फर्ग्युसनमधले अध्यापन सोडले नाही. मत देणाऱ्यांनी त्यांना निवडून दिले. ह्यात सगळेच त्यांच्या कामाला भाळले असे नव्हे; पक्षाची ओढ होती, रानड्यांचा शिष्य हे नाव होते. तरीपण त्या मतदारांनी जे दिले ते फुकट गेले नाही. १९०१ साली जमीनमहसुलाच्या कायद्याचे दुरुस्ती बिल आले, तेव्हा फिरोजशहा मेथांबरोबर कौन्सिलातून उठून जाणाऱ्यांत गोखले होते. पुढच्याच वर्षी, २६ मार्च १९०२ रोजी, कलकत्त्यास वरिष्ठ कौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकावर भाषण केले आणि सरकारच्या शिलकी तिजोरीचे रहस्य रयतेवरच्या जादा करात आहे, हे आकड्यांनिशी दाखविले. माफी मागणारा माणूस सरकारपुढे वाकेल, हे भाकीत असे खोटे पडले.

तिसरे प्रकरण नरसिंह चिंतामण केळकरांचे. येथे प्रश्न मतदारापर्यंत पोहोचूच दिला गेला नाही. मोर्ले-मिंटो सुधारणा आल्या, आणि १९०९ च्या नियमांत कोणी उभे राहू नये ह्याची लांबलचक यादी आली. सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेला, सहा महिन्यांहून अधिक कैदेस पात्र अशा गुन्ह्याबद्दल तुरुंगात गेलेला, वकिलीची सनद गेलेला, हे सर्व अपात्र. (स्त्री असणे हीही त्याच यादीत एक अपात्रता होती.) पण ह्या जाळ्यातून कोणी निसटलाच तर काय? त्यासाठी शेवटी एक कलम घातले होते: ज्याची कीर्ती व पूर्वचरित्र पाहता त्याची निवड सार्वजनिक हिताविरुद्ध होईल असे सरकारला वाटेल, तोही अपात्र. सर जॉर्ज क्लार्क ह्यांच्या सरकारने हे कलम केळकरांवर चालविले.

केळकरांचे पूर्वचरित्र ते काय? ‘मराठा’चे संपादक, १८९८ पासून पुणे नगरपालिकेचे सभासद, मवाळ लेखणीचे आणि त्याहून मवाळ स्वभावाचे गृहस्थ. टिळकांच्या १९०८ च्या खटल्यावर लिहिल्यामुळे कोर्टाच्या बेअदबीबद्दल चौदा दिवसांची कैद त्यांना झाली होती. खरा अपराध टिळकांचा सहकारी असणे हाच. त्याच वर्षी लाहोरच्या काँग्रेसचे अध्यक्ष पंडित मदनमोहन मालवीय ह्यांनी ह्या प्रकाराचा निषेध केला. बंगालात सुरेंद्रनाथ बानर्जींवर १८७४ च्या बडतर्फीमुळे तीच पाळी होती. सरकारने त्यांना सूट दिली, पण ह्या नियमांखाली उभे राहणे त्यांनीच नाकारले. हेच सुरेंद्रनाथ पूर्वी आठ वर्षे बंगालच्या कौन्सिलात बसलेले होते! मतदाराने जे पाहून, तोलून सोडून दिले होते, ते सरकारने उकरून काढले.

आजचा कायदा नेमका आहे. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेला माणूस सुटकेनंतर सहा वर्षांपर्यंत उभा राहू शकत नाही. कोणाच्या ‘वाटण्या’वर काही अवलंबून नाही. हा हिशेब टिळकांना लावला तर मंडालेहून जून १९१४ मध्ये सुटलेले टिळक जून १९२० पर्यंत अपात्र ठरतात, आणि १ ऑगस्टला तर ते गेले. प्रतिज्ञापत्राचे पाहावे तर त्यांच्या कागदावर अब्रुनुकसानी एक आणि राजद्रोह दोन, अशा तीन शिक्षा दिसल्या असत्या. गोखल्यांचा कागद कोरा. ज्या गोष्टीसाठी पुण्याने त्यांना वर्षानुवर्षे टोचले, ती कोणत्याच रकान्यात बसत नाही. आणि प्लेगच्या दिवसांतली त्यांची पायपीटही बसत नाही. ती शेजाऱ्यापाजाऱ्याला विचारूनच कळावयाची.

केळकर पुढे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९२३ साली, नवे नियम आल्यावर, ते वरिष्ठ कायदेमंडळाच्या निवडणुकीस उभे राहिले व निवडून आले. १९२६ मध्ये पुन्हा आले. पूर्वचरित्र १९०९ सालचेच होते, त्यात टिळकचरित्राच्या पहिल्या खंडाची तेवढी भर पडली होती.